वाटेवरच्यांची वही

मे महिन्यात ओटावाला जाऊन आले म्हटलं की मिल्टनमधली आमची वसईची मंडळी एकच विचारतात, "ट्युलिप बघितलेस का?" बघितले. गाडीच्या काचेतून, सिग्नलला थांबलो तेवढा वेळ. लाल होते, पिवळे होते, छान होते. ज्यांना ट्युलिपबद्दल वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबलेलं बरं. मी गेले होते कंबोडियन ख्रिस्ती लोकांच्या एका कॉन्फरन्सला. तिथे मला दहा मिनिटं बोलायचं होतं, आणि त्या दहा मिनिटांच्या धास्तीनं माझं जेवण उडालं होतं.

धास्ती बोलण्याची नव्हती. बोलायला मी कधीच कमी पडत नाही, हे आमचे पास्कल शपथेवर सांगतील. धास्ती एका वहीची होती. ती कळायला थोडं मागे जावं लागेल.

आदल्या वर्षी, म्हणजे २०१६च्या ऑक्टोबरअखेरीस, आमच्या पॅरिशमधून आम्ही नऊ जण मिशन ट्रिपला कंबोडियाला गेलो होतो. बाकीचे शिकलेले, कुणी नर्स, कुणी टीचर. मी वॉनमधल्या एका फॅक्टरीत अठरा वर्षं गाडीच्या सीटची कव्हरं शिवली. मला बायबलवर प्रवचन देता येत नाही, पण चेन सरळ लावता येते. म्हणून त्या गावातल्या बायकांना शाळेची दप्तरं शिवायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. चर्चच्या ओट्यावर बारा पायमशिनी, बारा बायका आणि मी. माझं बोलणं त्यांना सांगायला थिदा नावाची एक कॉलेजातली मुलगी होती.

तिसऱ्या मशीनवर सोखा बसायची. अठ्ठेचाळीस-पन्नासची असेल. डोक्याला चौकड्याचं फडकं गुंडाळून सायकलवरून यायची, आणि तिची शिवण अशी सरळ की मला माझी आठवून लाज वाटावी. चौथ्या दिवशी तिनं मला घरी जेवायला नेलं. लाकडी खांबांवर उभं घर, खाली कोंबड्या, वर जमिनीवर चटई. भात, माशाचं आंबट कालवण, आणि भिंतीवर एका तरुण मुलाचा फोटो. फोटोला ताज्या फुलांचा हार.

आपल्याकडे फोटोला हार म्हणजे माणूस गेला. हे कुणाला शिकवावं लागत नाही. मी उठले, फोटोसमोर हात जोडले, क्रुसाची खूण केली. सोखा खूश झाली, काहीतरी भरभर बोलली; थिदा तेव्हा खाली हातपाय धूत होती. मी चेहरा पाडून मान हलवत राहिले. फोटोखालचं नाव थिदानं वर आल्यावर वाचून दाखवलं, विसाल. म्हटलं, आपल्याकडचं विशाल तेच हे नाव की. तिच्या लेकाचं नाव ऐकून मला आणखीच गलबलून आलं.

दोन दिवसांनी मृतांचा दिवस आला. वसईत आपण काय करतो? घरातल्या गेलेल्यांची नावं कागदावर लिहून चर्चमध्ये देतो, फादर मिस्सेत ती वाचतात. मला वाटलं, या बायकांसाठीही करावं. एक नवी वही घेतली. पहिल्यांदा माझ्या आईवडिलांची नावं लिहिली, मग एकेक बाई सांगेल तशी. सोखा त्या दिवशी उशिरा येणार होती. तिचं राहून जायला नको म्हणून तिच्या वतीनं मीच लिहून टाकलं. चांगलं काम करायची घाई मला पहिल्यापासून.

मिस्सेला ती शेवटच्या बाकावर येऊन बसली होती. फादरांनी नावं वाचायला घेतली. विसालचं नाव आलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, तिला धीर द्यावा म्हणून. ती उभी राहिली होती. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की काहीतरी फार चुकलंय, पण काय ते कळेना. ती बाहेर गेली आणि सायकल घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिसरं मशीन रिकामं. तिसऱ्या दिवशी थिदा हळूच म्हणाली, "आन्टी, तिचा मुलगा मेलेला नाही. थायलंडला मासेमारीच्या बोटीवर कामाला गेलाय. सात वर्षं झाली, काही खबर नाही. हार ती त्याच्या वाढदिवसाच्या आठवड्यात घालते."

वाढदिवस! मी त्या आईच्या जिवंत लेकाला, त्याच्या वाढदिवसाच्या आठवड्यात, अल्तारावरून मेलेला म्हणून जाहीर केलं होतं. मी धावत तिच्या घरी गेले. दार बंद. शेजारीण म्हणाली, बहिणीकडे गेली. त्यानंतर दोनच दिवसांत आमचं विमान होतं.

घरी आल्यावर हे मी एकट्या पास्कलना सांगितलं. वही कपाटात खाली टाकली. आणि एप्रिलमध्ये ब्रायनचा फोन आला. ब्रायन म्हणजे आमच्या टीमचा लीडर, देवमाणूस, पण त्याला जगातलं सगळं सुंदरच दिसतं. ओटावाच्या कॉन्फरन्समध्ये आपल्या ट्रिपबद्दल मीच बोलावं असं त्याचं म्हणणं. "शेअर द जॉय, फिलो! आणि ती नावांची वही आण. स्टेजवर दाखवू. इट्स सो मूव्हिंग."

मी हो म्हणाले. नाही का म्हणता आलं नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

शुक्रवार: जवळ्याचा प्रताप

मिल्टनहून ओटावा पाच तास. आमच्या गाडीला सहा लागतात, कारण पास्कल दर तासाला दोन क्रीम, दोन साखरेची डबल-डबल कॉफी पितात आणि मग दर अर्ध्या तासाला वॉशरूम शोधतात. त्यातून विंटर टायर अजून काढायचे होते. रस्त्यावर त्यांचा असा आवाज, की गाडीत आपापसात भांडायचं तरी ओरडावं लागे.

"मे महिना चाललाय अहो, टायर कधी काढणार?"

"अगं फिलू, ह्या देशाचा भरवसा काय? उद्या स्नो पडला तर शोव्हलनं गाडी तू काढणार?"

मुक्काम एका कंबोडियन बाईंकडे होता, नाव चन्थी. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मी फुगे, म्हणजे आमचे वसईचे मैद्याचे गोळे, तळून घेतले होते, आणि सुक्या जवळ्याची चटणी. बरणीचं झाकण पास्कलनी लावलं होतं. एवढं सांगितलं की पुढचं सांगायला नको. किंग्स्टनच्या पुढे कुठेतरी ब्रेक लागला, बरणी आडवी झाली आणि जवळा सीटखाली, माझ्या चांगल्या जॅकेटवर, बॅगेत, सगळीकडे. ओटावापर्यंत काचा खाली करून गेलो. शेजारून जाणाऱ्या गाड्यांतले लोक आमच्याकडे बघत होते, की मलाच तसं वाटत होतं, देव जाणे.

चन्थीबाईंच्या दारात मी मेल्याहून मेल्यासारखी उभी. घर स्वच्छ, कार्पेट पांढरं, आणि आम्हा दोघांना अर्नाळ्याच्या बंदराचा वास. बाई ठेंगण्या, सत्तरीला आलेल्या, केस अगदी बारीक कापलेले. त्यांनी दार उघडलं, नाक वर केलं आणि थांबल्या. मी "सॉरी, सो सॉरी" सुरू केलं. त्यांनी माझ्या जॅकेटची बाही धरून हुंगली आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जणू माहेरचं माणूस आलं.

"श्रिम्प! ड्राय श्रिम्प! कम, कम, कम."

त्यांनी आम्हाला थेट बेसमेंटमध्ये नेलं. तिथे एक जुना फ्रीज, आणि त्यात आंबवलेल्या माशाच्या बरण्या. त्याला त्यांच्याकडे प्राहोक म्हणतात. सून वरच्या फ्रीजमध्ये ठेवू देत नाही, म्हणून खाली. पास्कलनी बरणी उघडून वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "फिलू, हे लोक आपलेच."

मी जवळ्याचं जॅकेट त्यांच्या लाँड्रीत टाकलं. उरलेली चटणी त्यांनी चमच्यानं खाल्ली, फुग्याबरोबर. आम्ही त्यांचं प्राहोक घातलेलं वांग्याचं कालवण खाल्लं. त्यांच्याकडे कुणी आलं की कसे आहात असं विचारत नाहीत, भात जेवलात का विचारतात. आमच्या घरी तरी दुसरं काय विचारतात?

जेवण झाल्यावर त्यांनीच विषय काढला. "उद्या तुम्ही बोलणार. काय सांगणार?"

ब्रायननं लिहून दिलेलं माझ्याकडे होतं. किती दप्तरं शिवली, बायका किती हसतमुख, आम्हीच त्यांच्याकडून किती शिकलो. मी दोन ओळी वाचल्या आणि मला पुढे वाचवेना. बाईंनी बाही हुंगली होती ना, तेच मनात आलं. अशा माणसाशी कसलं नाटक करायचं? मी वही काढली आणि सगळं सांगितलं. हार, मिस्सा, रिकामं मशीन, सगळं.

चन्थीबाई वहीच्या पानावर बोट ठेवून बसल्या. मला वाटलं, आता ही बाई मला घराबाहेर काढणार, आणि काढलं तर बरोबरच आहे.

"माझा भाऊ," त्या म्हणाल्या. "सामनांग. पोल पॉटच्या काळात त्याला दुसऱ्या गावाला कामाला नेलं. एकोणीस वर्षांचा होता. त्यानंतर नाही दिसला. आमच्याकडे पूर्वजांचा सण असतो, इथे हॉलमध्ये करतो आम्ही. सगळे नावं देतात. मी आईचं देते, वडिलांचं देते. त्याचं नाही दिलं. फॉर्टी यर्स. मुलगा म्हणतो, मॉम, इट्स ओके, दे आता. मी म्हणते, तू पाहिलंस का? मी पाहिलं का? मग मी का मारू?"

मला रडू आलं. पास्कल टीव्हीसमोर झोपलेत असं मला वाटत होतं. तिथूनच म्हणाले, "अगं, तुझी आई नव्हती का करत? बस्त्यावमामाचं?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

बस्त्यावमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. बोटीवर खलाशी होता. एका बंदरावर उतरला तो परत बोटीवर चढलाच नाही. पत्र नाही, काही नाही. नोव्हेंबर आला की नातेवाईक आईला सांगायचे, नाव दे आता. आई कधीच द्यायची नाही. पण रोज संध्याकाळी रोजरीची जपमाळ संपली, आम्ही पोरं उठायला लागलो, की ती म्हणायची, "बसा. अजून एक. वाटेवर असलेल्यांसाठी." मग आणखी एक 'आमच्या बापा'. लग्न होईपर्यंत मी रोज ती जास्तीची प्रार्थना म्हटली, आणि गुडघे दुखतात म्हणून रोज कुरकुरले. हे सगळं माझ्या घरात होतं. तरी जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एका आईला मी तेच केलं, जे माझ्या आईला कुणी केलेलं मला चाललं नसतं.

चन्थीबाईंना हे इंग्रजीत सांगताना माझी तारांबळ उडाली. पण त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, "त्या मुलीचा नंबर आहे? थिदाचा? इथे सकाळ म्हणजे तिथे संध्याकाळ. उद्या करू कॉल."

शनिवार: दोन रेघा

सकाळी आठला चन्थीबाईंच्या किचनमध्ये आयपॅड साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. थिदाला आम्ही रात्रीच मेसेज करून ठेवला होता. ती स्कूटरवरून सोखाच्या घरी गेली होती. आधी कोंबड्या दिसल्या, मग जिना, मग एक बल्ब, आणि मग सोखा.

सहा महिन्यांत बाई वाळली होती. डोक्याला तेच फडकं. मी हात जोडले. बोलायचं सगळं ठरवलेलं होतं, त्यातलं काही आलं नाही. मी म्हणाले, "माझं चुकलं. आमच्याकडे हार फक्त गेलेल्यांच्या फोटोला घालतात. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मला माफ कर." चन्थीबाईंनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. माझ्या पाच वाक्यांना त्यांना बराच वेळ लागला, म्हणजे त्यांनी आपलंही काही घातलं असणार.

कॉल तुटला की काय म्हणून मी स्क्रीनला हात लावणार, तेवढ्यात सोखानं विचारलं, "ती वही कुठे आहे?"

"माझ्याकडे. इथे."

"दाखव."

मी पान उघडून कॅमेऱ्यापुढे धरलं. आईचं नाव, वडिलांचं नाव, बायकांनी सांगितलेली नावं, आणि खालून तिसरं विसालचं. तिला ती इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. थिदानं स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं.

"खोड," सोखा म्हणाली. "मला दिसेल असं."

माझ्याजवळ पेन नव्हतं. सगळ्या पर्समध्ये शोधलं. पास्कलनी खिशातून काढून दिलं. मी एक रेघ मारली.

"अजून."

दुसरी मारली. पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला आणि मागच्या पानावरही खूण उमटली. सोखा स्क्रीनच्या अगदी जवळ आली होती, नुसते डोळे दिसत होते. मग ती मागे सरकली आणि तिनं मोठा श्वास सोडला. मला तो इतक्या दूरवरून ऐकू आला.

मी चन्थीबाईंना म्हटलं, "तिला माझ्या आईचं सांगा. वाटेवर असलेल्यांचं." त्यांनी सांगितलं. सोखा ऐकत होती. ऐकता ऐकता मान हलवायला लागली. मग तिनं काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"म्हणते, मग तशी यादी का नाही केलीस? कर. नव्या पानावर. विसालला त्यात पहिला लिही."

मी नवं पान उघडलं. वर मराठीतच लिहिलं, "वाटेवर असलेले". त्याखाली विसाल. पान सोखाला दाखवलं. ती पहिल्यांदाच हसली, आणि विचारलं काय, तर मी भात जेवले का. सकाळचे साडेआठ वाजले होते. मी म्हटलं, हो, जेवले.

कॉल संपला. त्याखाली मी बस्त्यावमामाचं नाव लिहिलं आणि वही मिटणार, तर चन्थीबाईंनी पानावर हात ठेवला. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि आपल्या लिपीत, हळूहळू, वळणं देत एक नाव लिहिलं. मला ते वाचता येत नाही. पण काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे.

हॉलमध्ये दीड-दोनशे माणसं होती. मागे बायका मोठ्या पातेल्यांतून तांदळाच्या शेवया आणि माशाचा रस्सा वाढायची तयारी करत होत्या. स्टेजवर जाण्याआधी मी ब्रायनला म्हटलं, "आय ॲम नॉट शेअरिंग द जॉय." तो घाबरला. पण देवमाणूस म्हटलं ते खोटं नाही. त्यानं वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि स्लाइडचा रिमोट खिशात टाकला.

मी दप्तरांबद्दल काही बोलले नाही. मी चूक सांगितली, आणि सकाळचं सांगितलं. सोखाचं आणि विसालचं नाव घेतलं नाही, ते तिचं आहे. चन्थीबाई शेजारी उभ्या राहून त्यांच्या भाषेत सांगत होत्या. शेवटी आईची ती प्रार्थना मराठीतून म्हटली, कारण दुसऱ्या भाषेत मला ती येतच नाही. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. मला वाटलं, कार्यक्रमाचा विचका केला मी.

जेवणाच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ माझ्यामागे उभे होते. हातात ताट. ते म्हणाले, "दॅट बुक. इज देअर रूम?"

मी तिथेच, रश्श्याच्या पातेल्याशेजारी, वही उघडली. त्यांनी दोन नावं लिहिली. मग एका बाईनं एक. मग आणखी एकीनं एक. वहीच्या कोपऱ्याला माशाचा रस्सा लागला, तो डाग अजून आहे.

घरी

रविवारी निघताना चन्थीबाईंनी प्राहोकची बरणी दिली. झाकण ह्या वेळी मी लावलं. परतीला स्नो पडला नाही, हे पास्कलना मी तीन वेळा ऐकवलं. टायर त्यांनी जूनमध्ये काढले.

विसालची खबर अजून नाही. थिदा मधूनमधून लिहिते. सोखा परत मशीनवर बसायला लागली आहे, आणि आता नव्या बायकांना तीच शिकवते.

आमच्याकडे संध्याकाळी रोजरी असते, दोघंच असतो. संपली की मी वही उघडते आणि नावं वाचते, मग प्रत्येकासाठी एक 'आमच्या बापा'. चन्थीबाईंनी त्यांच्या लिपीतल्या प्रत्येक नावाचा उच्चार मला सांगितला होता, तो मी शेजारी मराठीत लिहून घेतला आहे. आता एकूण सात झाली. पास्कलची कुरकुर असते. "तुझ्या आईचं एक होतं, तुझे सात! माझ्या गुडघ्यांचा कुणी विचार करतं का?"

परवा मला ताप होता. डोळ्यांसमोर अक्षरं नाचत होती. कशीबशी नावं वाचली, वही मिटली आणि प्रार्थना सुरू करणार, तर पास्कल तसेच गुडघ्यांवर बसून माझ्याकडे बघत होते.

"काय झालं?"

"बस," ते म्हणाले. "बस्त्यावमामा राहिला."